महालक्ष्म्यांच्या दुपारी उघडलेली फुलं

मिरचीचं फूल मान खाली घालून उघडतं. त्याला बघायचं असेल तर आपल्यालाच वाकावं लागतं, नाहीतर दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करावी लागते. पांढरं, नखाएवढं, वास जवळजवळ नाहीच. भाद्रपद लागला की आमच्याकडे, म्हणजे भोकरदनहून जाफराबादकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना, शेडनेटच्या हिरव्या जाळ्यांखाली अशी फुलंच फुलं असतात आणि त्यांच्यासमोर तेवढ्याच खाली माना घातलेल्या बाया. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, आत काही चाललेलंच नाही.

ही खायची मिरची नव्हे, बियाण्याची. काम सांगायला सोपं आहे. उन्हं कलली की मादीच्या रांगेतल्या, उद्या उघडतील अशा टच्च फुगलेल्या कळ्या शोधायच्या. चिमट्यानं पाकळ्या अलगद बाजूला करायच्या आणि आतले पराग धरणारे दांडे काढून टाकायचे. बाया याला ‘नर काढणं’ म्हणतात, आणि हे म्हणताना रोज कुणीतरी आपल्या घरच्या माणसाला मधे ओढून सगळ्यांना हसवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग आणून त्या फुलाला लावायचा आणि देठाला रंगीत धागा बांधायचा. धाग्याचं फळ बियाण्याला, बिनधाग्याचं तोडून फेकायचं. जी कळी हातून सुटली आणि आपली आपण उघडली, ती तर लगेच खुडायची. तिनं आपलं लग्न आपणच लावून घेतलेलं असतं, तिच्यातून बियाणं घेणाऱ्या कंपनीला हवं ते बी निघत नाही. सगळा कारभार त्या वीतभर धाग्यावर.

परवा नेटचं दार सारून आत गेले. आतला उकाडा तोच, ओल्या मातीचा आणि तुटलेल्या पानांचा हिरवट दर्प तोच. तारेला प्लास्टिकच्या पिशवीत कुणाचा तरी मोबाईल टांगलेला, त्यातून गाणं कमी आणि खरखर जास्त. आठवडाभर काम केलं की अंगठ्याचं टोक हिरवं-काळं होतं आणि साबणानं जात नाही. भाकरी मोडताना ते दिसतं. आता चष्म्याशिवाय मला कळीतलं दिसत नाही, सुना-लेकी हसतात. म्हणतात, अध्यक्षीणबाई, तुम्ही बांधावर बसून सह्या करा. मी म्हणते, सह्या करायलाही चष्माच लागतो गं.

हे काम करणाऱ्या आमच्या बायांच्या गटाची मी अध्यक्ष कशी झाले, त्यात मोठं काही नाही. डी.एड. केलं होतं, नोकरी लागली नाही, लग्न होऊन इथं आले. गट काढायचा ठरला तेव्हा बँकेच्या खिडकीवर न घाबरता बोलणारी आणि फॉर्म उलटा न धरणारी म्हणून मला पुढं केलं. काम मात्र मला काडीचं येत नव्हतं. ते शिकवलं शमीमआपानं. शमीमआपा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तिच्याइतका हलका हात मी दुसरा पाहिला नाही. ती कळीला हात लावायची ते कळीलाही कळत नसेल. पहिल्या वर्षी मी दहांतल्या सहा कळ्या मोडायचे. ती माझं मनगट धरून म्हणायची, जल्दी कशाची झाली तुला, कळी कुठं पळून चाललीय का. मी ‘आपा’ म्हणायचे आणि ती मला नुसतं ‘सुनंदा’. अध्यक्ष झाल्यावरही त्यात फरक पडला नाही.

अध्यक्षांना प्रशिक्षणं असतात. जालन्याला, संभाजीनगरला, कधी पुण्याला. वातानुकूलित हॉल, कागदाचे कप, आणि एक हसतमुख मॅडम किंवा सर. ते म्हणतात, डोळे मिटा. आता विचार करा, तुम्ही नेतृत्व कशासाठी करता? तुमची मूल्यं कोणती? तुमचं रोजचं काम आणि ती मूल्यं जुळतात का? मग रंगीत चिठ्ठी देतात. पहिल्यांदा मी त्या चिठ्ठीवर काय लिहावं म्हणून अर्धा तास बसले. शेजारच्या बाईनं ‘प्रामाणिकपणा’ लिहिलं होतं, मग मीही तेच लिहिलं. परीक्षेत कधी कुणाची कॉपी केली नव्हती, ती अशी चाळिशीला आल्यावर केली.

नंतर मला सांगायला एक गोष्ट मिळाली. ती मी इतक्या हॉलांत सांगितली आहे की आता ती माझी राहिली नाही, पाठ केलेल्या धड्यासारखी झाली आहे. म्हणून इथं ती जशी घडली तशी सांगते. हॉलमध्ये सांगते तशी नव्हे.

आमच्या गटात एक रीत होती, अजून आहे. भाद्रपदात ऐन कामाच्या भरात महालक्ष्म्या येतात. तीन दिवस. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. ज्यांच्या घरी त्या उभ्या राहतात त्या घरची बाई त्या तीन दिवसांत घराबाहेर पडत नाही. पण कळीला सणवार कळत नाही, ती उघडायची तेव्हा उघडते. म्हणून त्या दिवसांत आमची नेटं शमीमआपा आणि तिच्या दोन सुना सांभाळत, आणि ईदेला आम्ही त्यांचं. याला ‘बदली’ म्हणायचे. कागदावर कुठं नाही, कुणी ठरावही केला नाही. पहिल्या वर्षी तिनं आपणहून म्हटलं, तुम्ही पुरणाचं बघा, आम्ही फुलाचं बघतो. शिरखुर्म्याच्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या नेटात गेले तेव्हा मला किती जबाबदारी वाटली होती, परीक्षेला बसल्यासारखी.

दुसरी रीत माझी होती, आणि मला तिचा अभिमान होता. बाकीच्या गटांत प्रत्येक बाईचा धागा वेगळ्या रंगाचा असे. चूक सापडली की रंगावरून बाई सापडायची आणि चारचौघांत तिचा पंचनामा व्हायचा. मला ते आवडलं नाही. शाळेत नापास झालेल्या पोराला वर्गासमोर उभं करतात तसं ते वाटे. मी ठरवलं, आपल्याकडे रंग बाईचा नाही, नेटचा. माझ्या नेटात कुणीही काम करो, धागा निळाच. चूक झाली तर ती नेटची, मिळून निस्तरू. बाया खूश झाल्या. एका प्रशिक्षणात मी हे सांगितलं तेव्हा सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

गोष्ट घडली त्या वर्षी माझं नेट दाखवायचं नेट झालं होतं. म्हणजे जिल्ह्याहून कुणी आलं, तालुक्याचं कुणी आलं, की त्याला माझ्या नेटात आणायचं. कंपनीचा सुपरवायझर, बिचारा तरणा पोरगा, दर आठवड्याला मोटारसायकलवर यायचा, तोही म्हणायचा, मॅडम, तुमच्या नेटात धागे कसे भरगच्च दिसतात. महालक्ष्म्यांनंतरच्या आठवड्यात मोठे पाहुणे येणार असं कळलं होतं. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटत होतं.

महालक्ष्म्या जेवतात त्या दिवशीची दुपार. घरात सोळा भाज्यांचा घमघमाट, पुरण शिजलेलं, पाटावर त्यांचे मुखवटे, आणि सासूबाईंचं सारखं चाललेलं, हे आणलं का, ते झालं का. आघाडा कमी पडला. तो आणायच्या निमित्तानं मी निघाले आणि पाय नेटकडे वळले. काठापदराची साडी, केस ओले, हाताला हळद. आत कुणी नव्हतं. शमीमआपा आणि सुना त्या दिवशी सगळ्यांची नेटं एकामागून एक उरकत होत्या, माझ्या मधल्या दोन रांगांपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. तिथल्या कळ्या आपापल्या उघडल्या होत्या. दोन रांगा पांढऱ्याशुभ्र. खरं तर सगळी खुडून टाकायची फुलं. संध्याकाळी त्या येऊन खुडणारच होत्या.

मला त्या दोन रांगा रिकाम्या दिसायला लागल्या. पाहुणे मधूनच चालत जातात. मधल्याच रांगांवर धागे नाहीत, हे त्यांना पहिल्यांदा दिसेल. परागाची डबी खांबाला होती, धाग्याचं रीळ होतं. मी पदर खोचला आणि उघडलेल्या फुलांना पराग लावून धागे बांधत सुटले. नर काढायचा प्रश्नच नव्हता, तो आधीच फुटला होता. मला हे माहीत होतं. मीच नव्या पोरींना हे शिकवत होते. तासाभरात दोन्ही रांगा निळ्या झाल्या. धागा दिसला की फूल उघडून कुणी बघत नाही, संध्याकाळी त्या आल्या तरी तिघींतल्या दुसरीनं उरकलं असंच प्रत्येकीला वाटणार होतं. त्या वेळी मला काही वाटलं असतं तर बरं झालं असतं. काही वाटलं नाही. आघाडा घेतला, घरी गेले, फुलोरा तळला, आरती केली.

चौथ्या दिवशी सुपरवायझर आला. आम्ही सगळ्या कामावर होतो, शमीमआपाही. त्यानं मधल्या रांगेत वाकून एक फूल वर केलं, मग दुसरं, मग दहावं. देठाला धागा आणि आत नर तसाच, वाळून चिकटलेला. बियाण्याच्या कामात याहून वाईट काही नाही. विसरलेली कळी चूक असते. नर न काढता बांधलेला धागा ही फसवणूक.  त्यानं विचारलं, या रांगा कधीच्या? सगळ्यांना ठाऊक होतं. महालक्ष्म्यांच्या दिवसांतल्या. त्या दिवसांत इथं कोण होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

शमीमआपानं त्याच्या हातातलं फूल घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, परत दिलं.  मी बोलेन म्हणून दोघी-तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी रांगेकडे पाहत होते. सुपरवायझर म्हणाला, तो वाईट नव्हता, त्याला वर जाब द्यायचा होता, की हे हात आता गटातल्या कुठल्याच नेटात नकोत. गुरुवारी मिटिंग घेऊ, ठराव लिहू, सगळ्यांच्या सह्या घेऊ. नाहीतर मला सगळ्या गटाचं बियाणं संशयित म्हणून लिहावं लागेल. शमीमआपा दोन्ही सुनांना घेऊन निघून गेली. तो सोमवार होता.

सोमवार ते गुरुवार या दिवसांबद्दल मी फार विचार केला आहे. पदावरच्या माणसाला एक मोठी सोय असते. स्वतःची भीती त्याला सगळ्यांची काळजी म्हणून सांगता येते. मी स्वतःला सांगत होते की अध्यक्षच खोटी निघाली तर गट मोडेल. वीस बायांची घरं त्यावर आहेत. पाहुणे येऊन जाऊ देत, मग शांतपणे सांगू. नवऱ्यालाही हेच पटलं. तो म्हणाला, आत्ता कशाला बोंब मारतीस, पाहुणे जाऊ दे, मंग बघू. मी मनात म्हटलं, बघ, यालाही पटतंय, म्हणजे बरोबरच असेल. एरवी त्याचं मी कधी ऐकत नाही.

मंगळवारी नेटात काम करताना शोभा, आमच्यातलीच, सहज बोलली. म्हणाली, सण आपला, त्यांचा जीव त्याच्यात कुठून लागणार. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही.  त्या एका वाक्यानं आमच्या इतक्या वर्षांच्या बदलीचा चुराडा केला, आणि ते वाक्य माझ्या निळ्या धाग्यांतून निघालं होतं.  तरी मी तोंड उघडलं नाही. हॉलमध्ये गोष्ट सांगते तेव्हा हे वाक्य मी गाळते.

बुधवारी सकाळी शमीमआपाच्या दोन्ही सुना खुरपी घेऊन दुसऱ्याच्या कपाशीत निंदायला निघालेल्या दिसल्या. धाकटी शबाना लग्न होऊन आली ती थेट आमच्या नेटात. तिला चिमटा धरायला मी शिकवलं होतं, म्हणजे आपानं मला शिकवलं ते मी तिला. ती रोज लांबूनच ‘काकी’ म्हणून हाक मारायची. त्या दिवशी माझ्या अंगावरून गेली आणि मान वर केली नाही. मला फार लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे. निळा धागा कुणाला उघडं पाडू नये म्हणून मी आणला होता, आणि आता तो फक्त मला झाकत होता.

गुरुवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या जमल्या. शमीमआपा आली, भिंतीला टेकून बसली, पिशवी मांडीवर. सुपरवायझरनं रजिस्टर उघडलं आणि ठराव वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं. मी उभी राहिले.

“ते धागे शमीमआपानं बांधले न्हाईत. मी बांधले. महालक्ष्म्या जेवल्या त्या दुपारी. फुलं उघडलेली होती, मला ठाऊक होतं, तरी बांधले.”

पुढं काही नाट्य झालं नाही. सुपरवायझर ‘मॅडम, तुम्ही?’ असं दोनदा म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. शोभा पदर नीट करत बसली. कुणाचं तरी पोर पाणी मागत होतं, त्याला पाणी दिलं.  उठताना शमीमआपा माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, तीन दिवस लागले गं तुला. तेवढंच. त्या संध्याकाळी दोन्ही रांगा मी हातांनी उपटल्या. झाडं ओली, मुळं घट्ट, तळहात सोलून निघाले.

मला पदावरून काढतील असं वाटलं होतं. राजीनामा लिहून नेला तर बायांनी तो वाचलाही नाही. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. भोकरदनच्या कचेरीत दर महिन्याला हेलपाटे घालायला दुसरी कुणी तयार नव्हती. ज्या पाहुण्यांसाठी हा सगळा उद्योग केला ते पाहुणे आलेच नाहीत. त्यांचा दौरा रद्द झाला म्हणे. पुढच्या मिटिंगीत शमीमआपानं सांगितलं, आजपासून धागा ज्याचा त्याचा. नेटचा न्हाई, हाताचा. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला, पण मनातून चिडले होते. माझ्या चांगुलपणाचा धागा तिनं तोडला असं मला वाटलं. आता वाटतं, चूक झाकणं आणि माणूस झाकणं यांतला फरक मला कळला नव्हता, तिला कळत होता. यंदा माझा धागा जांभळा आहे, तिचा हिरवा.

गोष्ट मात्र हॉलमध्ये चालली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा आवाज कापला होता. मग कापायचा थांबला. मग कुठं थांबलं की लोक हळहळतात ते कळलं. गोष्टीतून नवरा गळाला, शोभाचं वाक्य गळालं, आणि तीन दिवसांची एक रात्र झाली. मी म्हणायचे, ‘त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी ठरवलं.’ खरं म्हणजे तिन्ही रात्री मी झोपले होते, दमलेलं माणूस झोपतंच. टाळ्या पडायच्या. मॅडम म्हणायच्या, बघा, पद आणि मूल्य एका रेषेत आणणं म्हणजे हे. मीही मान हलवायचे. माझ्यामुळे एका बाईची अब्रू वाचली, असं मला खरोखर वाटू लागलं होतं. मीच ती घालवली होती, हे बाजूला राहिलं.

यंदा कळ्या लागायच्या थोडं आधी जालन्याला असंच एक प्रशिक्षण झालं. शमीमआपा आता गटाच्या संचालक मंडळात आहे, म्हणून पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली. हॉलमध्ये तिला थंडी वाजली, तिनं पदर लपेटून घेतला. चिठ्ठ्या वाटल्या, तिनं तिची कोरीच परत दिली. मग मॅडमनी माझं नाव घेतलं आणि मी सवयीनं उभी राहिले. निम्मी गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की ती समोर बसली आहे. तेव्हा थांबता आलं नाही. रात्र आली, झोप लागली नाही, सकाळ झाली. टाळ्या झाल्या. तिनं हात मांडीवरच ठेवले होते.

परतीला भोकरदनची एसटी मिळाली, खिडकीची जागा तिला दिली. वाटेतलं राजूर मागं पडलं. मी पाण्याची बाटली पुढं केली, नको म्हणाली. मग बाहेर बघतच म्हणाली, येक रात न्हाई सुनंदा, तीन दिस. मी म्हटलं, हो आपा, बोलण्याच्या भरात तसं होतं. ती म्हणाली, व्हऊ दे. पर मंग सगळंच सांगते आज.

तिनं सांगितलं ते असं. सोमवारी सुपरवायझरच्या हातातलं फूल तिनं बघितलं तेव्हाच तिला कळलं होतं. मी डावखुरी आहे. माझी गाठ सगळ्यांच्या उलट पडते, आणि मला गाठ मारायला तर तिनंच शिकवलं होतं. त्या दिवशी नेटातून निघताना तिनं माझ्या रांगेतली आठ-दहा फुलं धाग्यांसकट खुडली आणि रुमालात बांधली. गुरुवारी व्हरांड्यात तिच्या मांडीवरच्या पिशवीत तो रुमाल होता. सुपरवायझर ठराव वाचायला लागला तेव्हा तिचा हात पिशवीत गेला होता.

 मी विचारलं, आणि मी उठले नसते तर?

“तर दाखवली असती,” ती म्हणाली. “माझ्या सुनांचं नाव त्याच्यात होतं. त्यांची बदनामी मी तुझ्यासाठी बिलकुल व्हऊ दिली नसती.”

मग तीन दिवस का थांबलीस, सोमवारीच का नाही दाखवलंस, मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जसं काही चूक तिची होती.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तू अध्यक्ष होतीस न. अध्यक्षाला दुसऱ्यानं उघडं पाडलं की गट मोडतो. तिनं आपल्या तोंडानं सांगितलं तर टिकतो. म्हणून थांबून राह्यले होते. मिटिंगीपर्यंत. त्याच्या पुढं न्हाई.”

गट मोडेल. तेच शब्द. मीही ते तीन दिवस हेच म्हणत होते आणि त्याच्या आड स्वतःचं तोंड लपवत होते. तिनं तेच शब्द खरे धरले आणि त्यासाठी फसवणुकीचा आळ अंगावर ठेवून घेतला, सुनांना दुसऱ्याच्या कपाशीत पाठवलं, आणि पुरावा मांडीवर घेऊन मी कधी उठते याची वाट बघत बसली. भोकरदन येईपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही.